पाचबारीचा दुसरा बार

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बंदूक टेबलावर ठेवण्याआधी शपथ घ्यायचं. "मेस्त्रीनू, देवाशपथ सांगतंय, कालपर्यंत बरी होती. आज काय झाला माका ठावक नाय." मी मान हलवायचो, बंदूक मोडायचो आणि नळी उजेडाकडे धरायचो. आत बघितलं की कळायचं, गेल्या दसऱ्यापासून तिच्यातून साधी चिंधीसुद्धा फिरलेली नाही.

मालवणच्या बाजारात, मासळीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. सरकारी परवान्याचं. आमचं घराणं सुताराचं, वडील होड्यांची वल्ही करायचे. मी बेळगावात एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली हे काम शिकलो आणि परत आलो. बंदूक दुरुस्ती म्हणजे निम्मं सुतारकाम, निम्मं लोहारकाम आणि उरलेलं सगळं कचेरीकाम. तेव्हा जिल्हा रत्नागिरीच होता, त्यामुळे कचेरीकाम म्हणजे प्रवासही आलाच.

आमच्या किनाऱ्यावर बंदुकीचे शत्रू दोन. एक खारं वारं आणि दुसरा बंदुकीचा मालक. खाऱ्या वाऱ्यावर उपाय असतो. मालक मात्र प्रेमानं बंदुकीचा जीव घेतो. एका खोतांनी दसऱ्याच्या पूजेत दोन्ही नळ्यांत हळदकुंकू ओतलं होतं आणि पावसाळाभर ते तसंच ठेवलं होतं. ते मला खरवडून काढावं लागलं. एक निवृत्त कारकून होते. त्यांनी आयुष्यात एकही बार काढला नव्हता, पण दर वर्षी बंदूक दाखवायला आणायचे आणि "हिची तब्येत कशी आहे?" असं विचारायचे. आणि खोबरेल! घरात खोबरेल, म्हणून ते केसांना, दाराच्या बिजागरीला आणि बंदुकीलाही. थंडीत खोबरेल थिजतं. ठासणीच्या बंदुकीला किंवा साध्या दोननळीला त्यानं फारसं बिघडत नाही. पण ज्या बंदुकीची कथा मी सांगायला बसलो आहे, तिला ते चालण्यासारखं नव्हतं.

ती बंदूक बस्त्याव फर्नांडिसची. बस्त्याव आचऱ्याचा. बोटीवर इंजिनखात्यात होता. तिथं यंत्रात सापडून त्याचा डावा हात मनगटापासून गेला, तेव्हा तो घरी आला. थोडा मळा, कातळाच्या पायथ्याशी कुणगे म्हणजे भाताची लहान खाचरं, चार माड आणि बायको नातालीन, एवढा त्याचा संसार. त्याच्या शेताला लागून रान होतं आणि त्या रानात डुकरं होती. भात पोटरीला आलं की डुकरांचा कळप यायचा आणि सकाळी बघावं तर कुणग्यात गाळ आणि काड. म्हणून बस्त्यावला बंदूक पाहिजे होती.

आता एका हाताचा माणूस बंदूक कशी चालवणार? दोननळी दर दोन बारांनी मोडावी लागते. एक हात नळीला, एक हात दस्त्याला, मग काडतुसं. एक हात नसला तर दोन बारांनंतर हातात उरते ती काठी. आफ्रिकेत राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाला हे कळलं. तो सुटीवर आला तेव्हा रीतसर परवाने करून त्यानं एक बेल्जियमची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक आणली आणि ती भावाच्या नावावर केली. पाच काडतुसं एकदा भरली की फक्त चाप ओढायचा. गावानं तिचं नाव ठेवलं पाचबारी.

ती पहिल्यांदा माझ्या टेबलावर आली तेव्हा मी तिच्याकडे पाहुणीकडे बघावं तसा लांबून बघत राहिलो. नंतर उघडली. हिचा स्वभाव असा की बार उडाला की धक्क्यानं नळीच मागे सरकते आणि आपल्याबरोबर मागचं लोखंडी दार घेऊन जाते. मग नळी एकटीच पुढे परतते. दाराला एक आकडी असते. ती रिकाम्या काडतुसाची कड धरून ठेवते, नळी पुढे गेली की काडतूस उघडं पडतं आणि बाहेर फेकलं जातं. खालून नवं काडतूस वर येतं, दार पुढे येऊन त्याला आत ढकलतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं. नळीच्या खाली एक दांडा, त्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगला लागून काशाचं एक कडं. ते कडं म्हणजे गाडीचा ब्रेक. दांड्यावर तेल जास्त झालं तर नळी दाणकन मागे आपटते आणि लाकूड चिरतं. तेल थिजलं तर नळी मध्येच अडते.

बस्त्यावनं अर्थातच खोबरेल लावलं होतं. पहिला बार झाला आणि दुसरा आलाच नाही, अशी तक्रार घेऊन तो आला होता. मी दांडा घासलेटनं धुतला, हलकं तेल बोटाच्या टोकानं लावलं आणि पुसून टाकलं.

"पुसतंस कित्याक? लावलंस तर ऱ्हवांदे मां," तो म्हणाला.

"बस्त्याव, हिला तेल दाखवायचं, पाजायचं नाही."

तो खदखदून हसला. माझ्याच वयाचा होता, आणि त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. मी चांभाराकडून त्याच्या मनगटासाठी चामड्याची एक वाटी शिवून घेतली. ती हातावर पट्ट्यानं बसायची आणि तिच्यात बंदुकीचं पुढचं लाकूड नेमकं टेकायचं. नळीला कुठंही स्पर्श होणार नाही, हे मी स्वतः बघितलं, कारण हिची नळी धरून ठेवली तर ही चालत नाही. बस्त्याव गुडघ्यांत बंदूक धरून उजव्या हातानं काडतुसं भरायचा आणि वाटीवर पेलून बार काढायचा. पुढची काही वर्षं कुणग्यातलं भात घरात आलं. आसपासचे शेतकरीही त्याला बोलवायला लागले.

आणि मग त्या आश्विनात ते घडलं.

पाऊस लांबला होता. दुपारपासून बस्त्याव मेरेवर, कुणग्याच्या बांधावर, बसून होता. बरोबर त्याचा शेजारी दाजी घाडी. दाजीकडे फक्त कोयता. रिमझिम चालू होती. दिवस कलला तसा दगडी गडग्याच्या भगदाडातून एक मोठा एकला डुकर आत आला. बस्त्यावनं बार काढला. तो लागला, पण वर्मी नाही. डुकर वळला आणि सरळ त्याच्यावर आला. बस्त्यावनं परत चाप ओढला. काहीच झालं नाही. परत ओढला. मग डुकरानं त्याला मेरेवरून खाली पाडलं आणि त्याची मांडी फाडली. दाजी कोयता घेऊन धावला. डुकराच्या मानेवर त्यानं कसे आणि किती घाव घातले, ते त्याला नंतर आठवेना. जनावर पडलं. बस्त्यावच्या मांडीतून रक्त वाहत होतं. दाजीनं आपलं धोतर फाडून बांधलं आणि हाका मारून माणसं जमवली.

बस्त्यावला खाटेवर घालून मालवणला आणलं. पण निघताना तो दाजीला एक गोष्ट सांगायला विसरला नव्हता: "बंदुकीक कोणाक हात लावू दिव नको. आसा तशी मेस्त्रीकडे ने."

दाजीनं बंदूक कांबळ्यात गुंडाळून, नळी जमिनीकडे धरून आणली. पोलिसांची रीत पुरी झाल्यावर फौजदार साहेब स्वतःच ती घेऊन माझ्या दुकानात आले. भला माणूस. पण त्यांनाही वरती कागद पाठवायचा होता.

"मेस्त्री, मला साधं उत्तर पाहिजे," ते म्हणाले. "बंदूक सदोष असेल तर ती मोडीत काढायची. बंदूक चांगली असेल, तर एका हाताच्या माणसाच्या हातात ती देणंच चूक होतं आणि त्याचा परवाना रद्द करायचा. दोन्हीपैकी काय?"

मी म्हटलं, "साहेब, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. दोन्हीपैकी काही नसलं तर तेही सांगीन."

त्यांनी मान डोलावली.

बंदूक उघडायची म्हणजे आधी ती मोकळी करायची होती. दार अर्धवट अडकलेलं. पहिलं काडतूस उडून नळीतच रुतून बसलं होतं आणि नवं काडतूस त्याच्या पाठीत घुसून वाकडं झालं होतं. ते नवं भरलेलंच होतं. मी दुकानाची फळी लावून घेतली, शेजारच्याला लांब जायला सांगितलं, आणि नळी वाळूच्या गोणीवर टेकवून श्वास रोखून ते काडतूस सोडवलं. मग मागची तीन काढली. शेवटी नळीतलं रिकामं. ते गजानं ढकलून निघेना, गजावर लाकडी मोगरी मारावी लागली. त्याची पितळी कड आकडीनं कुरतडलेली होती. म्हणजे आकडीनं आपलं काम करायचा प्रयत्न केला होता, पण काडतूसच सुटायला तयार नव्हतं, आणि शेवटी कड सोडून आकडी घसरली होती.

हे का झालं? इथून माझी परीक्षा सुरू झाली.

चिऱ्याच्या बंद खाणीत फौजदारांच्या परवानगीनं मी चाचणी घेतली. हवालदार सोबत. माझ्या दुकानातली काडतुसं भरली आणि बार काढले. पाचच्या पाच उडाले. परत भरली, परत पाच. नळी तापून तिला हात लावता येईना, तोपर्यंत मी बार काढत होतो. एकदाही अडली नाही.

हवालदार म्हणाला, "बंदुकीत काही नाही, मेस्त्री. हात ढिला पडला असणार."

हे खोटं म्हणता येत नव्हतं. या जातीच्या बंदुकीला खांद्याचा पाठिंबा लागतो. ढिली धरली तर ती अडते, हे मला ठाऊक होतं. गावातही हेच बोललं जात होतं. थोट्यानं बंदूक घेतली, मग दुसरं काय होणार? बस्त्याव दवाखान्यात पडून हे ऐकत होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं माझा हात धरला.

"मेस्त्री, माझी भीड धरू नको. हात माझो खोटो आसात तर सांग. मी बंदूक टाकतंय. पण माका समजूक व्हया."

"समजेल," मी म्हटलं. "मला समजल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही."

दुसऱ्या दिवशी मी परत खाणीत गेलो. डावी मूठ मिटून तिच्यावर फडकं गुंडाळलं, त्यावर बस्त्यावची चामड्याची वाटी बांधली आणि त्याच्यासारखीच बंदूक पेलली. मेरेवर बसतात तसा बसून बार काढले. मुद्दाम खांदा जरा सैल ठेवून काढले. बंदूक चालली. हवालदारानं टोपी मागे सारली.

म्हणजे बंदूक नाही आणि माणूसही नाही. मग काडतूस.

तेव्हा काडतुसं कागदी असायची. खाली पितळेची टोपी, वर जाड कागदाची नळकांडी. कागद मेणात मुरवलेला असतो, म्हणून दमट हवेतही तो टिकतो. ठाण्यात जमा झालेली काडतुसं मी परत मागून बघितली, पण ती एव्हाना वाळून गेली होती आणि दिसायला चांगली होती. तेव्हा मी आचऱ्याला निघालो. वाटेत होडीतून खाडी ओलांडली आणि पुढे चालत गेलो. बस्त्याव तोवर घरी आला होता, पडवीत खाटेवर.

"वयनी, काडतुसं कुठं ठेवता?" मी नातालीनला विचारलं.

तिचा चेहरा खुलला. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं. चुलीच्या वर माळ्यावर सुक्या मासळीच्या शेजारी आणि आमसुलांच्या सुपाशेजारी पत्र्याचा एक डबा होता. तिनं तो फडक्यानं धरून खाली घेतला. इतका तापला होता तो.

"बघा मेस्त्रीनू. पावसात सगळ्या घराक बुरशी येता, पण ह्या डब्याक कधी ओल लागली नाय. रोज तीन वेळा चूल पेटता. मी सवता बघतंय."

मी एक काडतूस हातात घेतलं. बोटाला कागद लागला, पण मेण लागलं नाही. वहीच्या पानासारखा खरखरीत. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं मेण उतरून गेलं होतं. डब्याच्या तळाला ते पिवळं साकळलेलंही दिसत होतं.

मी माझ्या पिशवीतलं एक काडतूस काढलं. दोन्ही ओल्या फडक्यात गुंडाळून ओटीवर ठेवली आणि म्हटलं, "आता जेवायला वाढा."

जेवण होईपर्यंत मी दुसरंच काहीबाही बोलत राहिलो. मग फडकं उलगडलं. पाचबारीची नळी मी बरोबर आणली होती. माझं काडतूस तिच्यात सरकन गेलं आणि उलटी केल्यावर सरकन पडलं. डब्यातलं अर्ध्यावर अडलं. ते फुगलं होतं. बस्त्याव घरून निघताना भरायचा तेव्हा काडतूस कोरडं, सहज आत जायचं. मग रिमझिमीत तासन् तास बसलं की तिथंच ओल पिऊन नळीला घट्ट धरायचं. इतर वर्षी आश्विन कोरडा गेला होता, म्हणून निभावलं.

मी काही बोलायच्या आधीच नातालीनला कळलं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"म्हणजे डुकरान नाय," ती म्हणाली. "मीच पाडलंय तेका."

मी म्हटलं, "वयनी, ओल लागू नये म्हणून तुम्ही जे केलंत ते कोणीही केलं असतं. मी दुकानदार, पण चुलीवर काडतूस ठेवू नका हे मलाही आजच कळतंय."

पडवीतून बस्त्यावचा आवाज आला. "नातालीन, गो, रडतंस कित्याक? बरा झाला. माझो हातय खरो, बंदूकय खरी. खोटी तुझी चूल. चुलीचो परवानो कोण रद्द करीत?"

ती रडता रडता हसली, आणि मग पदर खोचून तिनं तो डबा उचलून अंगणात नेऊन ठेवला.

फौजदारांना मी खाणीत सगळं करून दाखवलं, ओल्या फडक्यासकट. त्यांनी स्वतः फुगलेलं काडतूस नळीत घालून बघितलं आणि म्हणाले, "कागद मी लिहितो. पण मेस्त्री, हा माणूस परत शेतात बसणार असेल तर तुमची खात्री आहे ना?"

"पुढच्या आश्विनात त्याच्या शेजारी मी बसतो," मी म्हटलं.

हे मी आवेशात बोललो नव्हतो. माझ्या शब्दावर एक लंगडा, एका हाताचा माणूस परत रानडुकरासमोर बसणार होता. दुकानात बसून तो शब्द देणं मला जमण्यासारखं नव्हतं.

वर्षभर मी पाचबारीवर काम केलं. खाऱ्या हवेनं नळीच्या मागच्या घरात बारीक खरबरीतपणा आला होता, तो घासून आरशासारखा केला. झिजलेली आकडी बदलायची तर सुटा भाग परदेशातून येणार कधी? एक जुनी कानस तापवून मऊ केली, तिच्यातून नवी आकडी घडवली, परत कडक केली. कडक करताना जास्त झालं तर तुटते, कमी झालं तर वाकते. पोलाद तापताना वाळल्या गवताच्या काडीचा रंग येतो, त्या क्षणी ते तेलात बुडवायचं. तीन आकड्या फुकट गेल्या. चौथी अजून कोणी बदललेली नाही. शिवाय एक पितळी कडं केलं, नळीच्या घराच्या मापाचं. जे काडतूस या कड्यातून स्वतःच्या वजनानं खाली पडणार नाही, ते बंदुकीत जाणार नाही. कडं मी नातालीनच्या हातात दिलं. काडतुसांचं खातं तिचंच होतं आणि तिनं ते सोडलं नाही. मेणबत्तीचे तुकडे घेऊन ती एकेका काडतुसाला मेण चोळायची आणि बोटाला कळेल पण डोळ्याला दिसणार नाही इतकं पुसायची.

"इगर्जीतल्यो मेणबत्त्यो त्यो," बस्त्याव मला हळूच म्हणाला. "पाद्रीक सांगा नको."

आश्विन आला तो ओलाच आला. मी माझी दोननळी घेऊन गेलो. दाजीही आला, या वेळी कोयत्याबरोबर भालाही घेऊन. दुपारी नातालीननं आमच्यासमोर काडतुसं कड्यातून टाकली. एकेक टपकन पडत होतं. मग आम्ही मेरेवर बसलो. अंगावर इरली, त्यावर पाऊस. बस्त्यावचा दुखरा पाय पुढे ताणलेला.

उजेड असतानाच कळप आला. गडगा ओलांडून एक, दोन, मग पिल्लं आणि मागे एक सुळेवाला नर. बस्त्यावनं नराला बार काढला. तो बसला आणि उठला आणि आमच्याकडे वळला. माझी दोननळी खांद्याला होती, पण बोट मी चापाच्या बाहेर ठेवलं होतं. तसं ठरलं होतं आमचं. त्यानं हाक दिल्याशिवाय मी बार काढायचा नाही.

त्यानं हाक दिली नाही. दुसरा बार झाला. लगेच तिसरा. नर गुडघ्यांवर आला आणि चिखलात घसरत आमच्यापासून दोन हातांवर थांबला. रिकामी काडतुसं उजवीकडे गवतात पडून वाफाळत होती. दाजीनं भाला खाली ठेवला आणि मटकन मेरेवर बसला.

"आयलो रे," बस्त्याव एवढंच म्हणाला. "दुसरो आयलो."

त्यानंतर पाचबारी बरीच वर्षं चालली. लोक मला विचारायचे, ही यंत्राची बंदूक भरवशाची का? मी सांगायचो, साधी दोननळी आळशी माणसाला सांभाळून घेते. पाचबारी घेत नाही. पण तुम्ही रोज तिच्यासाठी घटकाभर काढलीत तर ती तुमच्या मुलाच्या हातातही चालेल. दरम्यान स्प्रिंग एकदा बदलली, काशाचं कडं झिजलं तेव्हा नवं ओतलं, आणि दस्त्याला मानेपाशी चीर गेली तिथं फणसाच्या लाकडाचं सांधकाम केलं. फणस बेल्जियमच्या अक्रोडाशेजारी पिवळा दिसतो. मला तो जोड फार आवडायचा.

साठ साल उलटून काही वर्षं गेली असतील. बस्त्याव पावसाळ्यात तापानं गेला. त्याला खूप उशिरा दवाखान्यात आणलं. खाडीला पूर होता, होडी सुटेना. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यात कोणालाच काही दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं.

परवानाधारक गेला की बंदूक जमा करावी लागते. नियमाप्रमाणे नातालीन ती ठाण्यात ठेवून आली. भावानं आफ्रिकेहून कळवलं, विकून टाक. गावातल्या लोकांनी सांगितलं, यंदा कुणगे पडीक ठेव, एकट्या बाईनं राखण कशी करायची? थंडी सरत आली तेव्हा ती माझ्या दुकानात आली. काळी साडी, हातात कापडी पिशवी.

"मेस्त्रीनू, बंदूक माझ्या नावार करूची आसा. कागद कसो करूचो ता सांगा."

"वयनी, नावावर करता येईल. पण चालवणार कोण?"

"मी."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

"इतकी वर्सां काडतुसां कोणी बघल्यान? तेल कोणी पुसल्यान? तेचो एकच हात होतो. उरलेली बंदूक माझ्याच हातात होती. बार तेवडो तेणां काढल्यान. तो माका शिकवा."

अर्जाला वेळ लागला. कचेरीतल्या साहेबांनी तिला विचारलं, "बाई, भीती नाही का वाटत?" ती शुद्ध मराठीत म्हणाली, "वाटते. डुकरं शेत खातात त्याची जास्त वाटते." साहेब हसले नाहीत. त्यांनी चौकशीला माणूस पाठवला, रान बघितलं, गडगा बघितला आणि परवाना दिला.

चिऱ्याच्या त्याच खाणीत मी तिला शिकवलं. मे महिना, सकाळची वेळ, समुद्रावरून वारा येत होता. तिचे दोन्ही हात शाबूत असल्यामुळे चामड्याच्या वाटीची गरज नव्हती. खांदा कसा लावायचा, गाल कुठं टेकवायचा, बोट केव्हा चापावर न्यायचं, सगळं तिनं एकदा ऐकलं आणि तसंच केलं. समोर चिऱ्याच्या भिंतीवर मी चुन्यानं एक गोल काढला होता. तिनं पहिला बार काढला. गोलाच्या बाहेर गेला.

मग ती थांबली. बंदूक खांद्याला, डोळे मिटलेले. ती कशाची वाट बघत होती ते मला माहीत होतं. त्या ओल्या आश्विनात दुसरा बार आला नव्हता, तेव्हा ती मेरेवर नव्हती. ती घरात चुलीपाशी होती.

तिनं डोळे उघडले आणि चाप ओढला. दुसरा बार झाला. तिसरा, चौथा, पाचवा. भिंतीवरचा चुना उडून गेला. तिनं बंदूक खाली केली, दार उघडं आहे ना ते बघितलं, आत बोट घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"दाजीक सांगा, नांगर घेवन येवक," ती म्हणाली. "औंदा सगळे कुणगे पेरतंय."